अठरा वर्षं लांबलेली वरात

आमच्या दाजींच्या हाती परमेश्वराने हे विश्व शिवायला दिलं असतं, तर ते आजच्यासारखं एका खांद्यावर उतरलेलं आणि पोटात तंग झालं नसतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. शंका एवढीच, की ते अजून हातात पडलं नसतं. "दुसरी ट्रायल राहिलीय, पुढच्या मंगळवारी या," असं दाजींनी परमेश्वराला सांगितलं असतं आणि परमेश्वर मुकाट्याने परत गेला असता. कारण दाजींशी मापावरून वाद घालून जिंकलेला माणूस अख्ख्या चिकपेटेत कुणी पाहिलेला नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. आमच्याकडे दोन-तीन पिढ्या बंगळुरात काढलेले जे मराठी लोक आहेत, ते घरात मराठी बोलतात, बाजारात कन्नड बोलतात आणि भांडताना दोन्ही वापरतात. दाजी मात्र तिसरीच भाषा बोलत, ती शिंप्याची. गळ्यात टेप चोवीस तास. सत्यनारायणाला बसले तेव्हा भटजी म्हणाले, "उपरणं नीट घ्या," तर यांनी टेप सावरली. रस्त्यात कुणी भेटलं की नमस्काराआधी त्यांची नजर खांद्यावरून कमरेपर्यंत उतरे. माझ्या साहेबांना मी एकदा मोठ्या अभिमानाने त्यांच्या दुकानात नेलं, तर दाजी म्हणाले, "सरी, सरी, ठीक, बसा. डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. लहानपणी पाणी भरत होता का?" साहेब पाणी भरत होते. पण ते हाताखालच्या कारकुनासमोर उघड व्हावं अशी त्यांची इच्छा नव्हती. मला त्या वर्षी बढती मिळाली नाही.

पहिल्या ट्रायलवर त्यांचा विश्वास नव्हता. ताटातलं सारसुद्धा आधी बोटभर चाखून ठेवत, पाच मिनिटं शांत बसत आणि मग जेवायला सुरुवात करत. थोरल्या मुलाचं नाव त्यांनी आधी कच्च्या टाक्याने ठेवलं होतं. आठ दिवस हाक मारून पाहिली, अंगावर बसत नाही म्हणाले आणि उसवून दुसरं ठेवलं. शिवाय त्यांची आणखी एक खोड होती. प्रत्येक कोटात ते एक चोरखिसा शिवत, आणि तो कुठे आहे हे गिऱ्हाइकाला सांगत नसत. "ज्याला गरज असेल त्याला सापडेल," एवढंच म्हणत. या चोरखिशाने माझ्या आयुष्याची अठरा वर्षं खाल्ली, म्हणून तो लक्षात ठेवा.

लढाईचे दिवस होते. दाजींच्या वडिलांनी एका कॉफीमळेवाल्या साहेबाकडून मुलाच्या लग्नासाठी जुनी मोटार घेतली. तेव्हाच ती उतारवयाला लागलेली होती. पितळी दिवे, कापडी टप आणि पेट्रोलची टाकी बॉनेटच्या मागे, काचेच्या अगदी पुढे, तोंड आकाशाकडे. दाजी नवरे, माझी अक्का नवरी, आणि मी एकोणीस वर्षांचा नवरीचा भाऊ, म्हणजे पृथ्वीवरचा सर्वांत शहाणा प्राणी. पेट्रोल रेशनवर होतं. "पेट्रोलची चिंता सोडा, मी बघतो," असं मी भर बैठकीत सांगून बसलो आणि सात जणांच्या पाया पडून एक डबा पेट्रोल मिळवलं. बळेपेटेतल्या मंडपाबाहेर मी ते ऐटीत टाकीत ओतलं. अंगात नवा कोट होता, नवऱ्यामुलाने स्वतः मेहुण्यासाठी शिवलेला. टाकीचं झाकण कोटाच्या खिशात टाकलं, आणि कुणीतरी "विड्याचं तबक कुठंय?" म्हणून ओरडलं तसा मी आत धावलो.

नवरा-नवरी गाडीत बसली. दोन्हीकडच्या वऱ्हाडाने, रेशनच्या दिवसांतही, अक्षतांचा पाऊस पाडला. सनईवाले पुढे, गाडी मागे. बसवणगुडीत देवळाचा चढ लागला, तिथे गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. समोर दगडाचा नंदी बसलेला, इकडे लोखंडाची गाडी बसलेली, दोघंही हलेनात. भाड्याच्या ड्रायव्हरने बॉनेट उघडलं, आत पाहिलं, "इंजिन गेलं," म्हणाला, आणि स्वतःही गेला. शेवटी आम्ही आठ-दहा जणांनी गाडी ढकलत घरी आणली. नवरी आत, नवरा आत, आणि मागून खांदा लावलेल्या माझ्या तोंडात धूळ.

घरी पोहोचल्यावर झाकणाची शोधाशोध झाली. मी कोटाचे सगळे खिसे उलटे करून दाखवले, झाकण माझ्याकडे नाही अशी देवाची शपथ घेतली. तिसऱ्या दिवशी दुपारी कोट उशाला घेऊन झोपलो, तर कानाला काहीतरी टोचलं. दाजींचा चोरखिसा मला सापडला होता, आणि त्यात झाकण होतं. आता शपथ घेतलेल्या माणसाने काय करावं? मी गप्प बसलो. झाकणाचा आणि इंजिनाचा संबंध तरी काय, अशी मनाची समजूत घातली आणि झाकण कचेरीच्या टेबलावर टाचण्या ठेवायला नेलं. दाजींनी आठवड्याभरात अक्काच्या कुंकवाच्या करंड्याचं पितळी झाकण टाकीवर बसवलं. ते इतकं बेमालूम बसलं की मला आश्चर्य वाटलं. मग अक्काचा करंडा अठरा वर्षं उघडाच राहिला.

सुरुवातीला पेट्रोल नव्हतं म्हणून, मग पैसे नव्हते म्हणून, मग सवय झाली म्हणून ती गाडी अंगणाच्या शेडमध्ये उभीच राहिली. दाजी दर रविवारी सकाळी अंघोळ करून तिच्यात जाऊन बसत, गिअर टाकत, चाक फिरवत, हात बाहेर काढून वळण्याची खूण करत. न चालणारी गाडी चालवण्याचा एवढा दांडगा अनुभव बंगळुरात दुसऱ्या कुणाला नव्हता. मी एकदा शेजारी बसलो होतो, तर म्हणाले, "समोरून लॉरी येतीय, स्वल्प डावीकडे सरक." मी सरकलो.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते. कात्र्या, मशिना, इस्त्र्या, आणि त्यांच्याबरोबर ही गाडीसुद्धा. अक्का दर वर्षी तिला हळदकुंकू लावी, आणि दर वर्षी एकच वाक्य म्हणे, "लोकांच्या वराती घरी पोचतात. माझी अजून चढावर आहे." दाजी ऐकून घेत. गाडी वाईट घेतली, नीट ठेवली नाही, हा ठपका त्यांनी कधी नाकारला नाही. मी तिथेच उभा राहून प्रसाद खात असे.

अठराव्या वर्षी अक्काने वाक्य बदललं. श्रावण संपता संपता तिने जेवणाच्या वेळी जाहीर केलं, "अहो, यंदा मी मेलेल्या लोखंडाला कुंकू लावणार नाही. खंडेनवमीला पूजेपर्यंत चालू झाली तर लावीन. नाही तर दसऱ्याला गुजरीवाला येणारय. त्याला सांगून ठेवलंय. जुन्या लोखंडाचं तो बघेल, आणि शेडमध्ये मी म्हैस बांधीन."

"म्हैस?" दाजी म्हणाले.

"तिला निदान आवाज तरी असतो."

दाजींनी सार चाखलं, पाच मिनिटं शांत बसले, आणि न जेवता उठले. मी त्यांना ताट सोडून उठताना तेवढं एकदाच पाहिलं. हात धुताना मला म्हणाले, "उद्यापासून कचेरी सुटल्यावर ये. जुना कोट घालून."

पहिल्याच दिवशी मी माझ्या ओळखीचा एक मेस्त्री आणला. त्याने हँडल फिरवून पाहिलं. ते फिरेना, तसा मान हलवून म्हणाला, "आगल्ला स्वामी, होणार नाही हे. इंजिन दगड झालंय." दाजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "होणार नाही म्हणजे? अंग मोजलंस? शिवण उसवून बघितलीस? मग ट्रायलच्या आधी कोट वाईट कसा म्हणतोस?" मेस्त्री गेला. दाजींनी कानावरचा खडू काढला आणि इंजिनावर खुणा करायला सुरुवात केली.

त्यांनी ते इंजिन कोट उसवावा तसं उसवलं. प्रत्येक नटाला खडूचा आकडा, प्रत्येक भाग कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेला आणि वर दोरा मारून चिठ्ठी शिवलेली. पॅकिंगं बाजारात मिळाली नाहीत, तर आधी कागदाचे बेत, म्हणजे नमुने, कापले, मग ते बुचाच्या पत्र्यावर ठेवून कात्रीने असे कापले, की साहेबी कारखान्याने तोंडात बोट घालावं. पिस्टन जाम झाले होते. त्यावर दाजींनी एरंडेल आणि रॉकेल ओतून महिनाभर रोज सकाळी मालिश केली, बाळंतिणीला करतात तशी. अक्काच्या कपाटातलं एरंडेल संपलं तेव्हा घरातल्या पोरांना तेवढा एक आनंद झाला. सुटे भाग ठेवायला शेड पुरेना, म्हणून ते दुकानाच्या फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या कपड्यांशेजारी गेले. एके दिवशी दुकानात दाजी नव्हते आणि मी शहाणपणाने गिऱ्हाईक सांभाळत होतो. एका निवृत्त न्यायाधीशांना मी शेरवानीचं पुडकं दिलं. संध्याकाळी ते परत आले. पुडक्यात कार्ब्युरेटर होता. "हे मी कुठे घालायचं असतं?" त्यांनी मला विचारलं. त्या गृहस्थांनी जन्मभर लोकांना शिक्षा ठोठावल्या होत्या, पण इतक्या थंड आवाजात कुणाला विचारलं नसेल.

महिनाभराने एका सकाळी हँडल पाव इंच हललं. दाजींनी टेप लावून मोजलं. दुसऱ्या दिवशी अर्धा फेरा, आठवड्याने पूर्ण. मग हँडल मारायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच झटक्याला माझ्या धोतराचा सोगा हँडलात गेला आणि पुढच्या फेऱ्याला धोतरच गेलं. शेजारणी गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. दाजी कळवळून ओरडले, "अरे अरे! काठ फाटला!" माझ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. ठिणगी येते का पाहायलासुद्धा त्यांना मीच सापडलो. "ही वायर धर. स्वल्प थांब." मी थांबलो, त्यांनी हँडल फिरवलं, आणि मी गुलमोहराखाली जाऊन पडलो. दाजी समाधानाने म्हणाले, "ठिणगी आहे."

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी पहिली ट्रायल झाली. टाकीत पेट्रोल घातलं, मी पूजेच्या पळीने थोडं कार्ब्युरेटरातही ओतलं, हँडल मारलं. अठरा वर्षांनी ते इंजिन खोकलं! एकदा, दोनदा, चारदा, शेडभर धूर. अक्का हातातलं पीठ तसंच घेऊन दारात आली. पण गाडी लगेच गप्प झाली. पुन्हा पळी, पुन्हा चार ठोके, पुन्हा शांत. अक्का हातातलं पीठ झटकून आत गेली. दाजी म्हणाले, "श्वास आहे. पण पोटात अन्न जात नाही." आणि मग, नेहमीप्रमाणे, "पहिली ट्रायल होती. दुसरी सकाळी."

सकाळी मी लवकर गेलो, आणि आयुष्यात प्रथमच अक्काला, तिने न सांगताच, मदत करावी असं मला वाटलं. शेडमधले सगळे पाने, पक्कडी, स्क्रूड्रायव्हर मी घासूनपुसून पूजेच्या पाटावर नेऊन मांडले. अक्काने कौतुकाने पाहिलं आणि सगळ्यांवर हळदकुंकू वाहिलं. दाजी अंघोळ करून बाहेर आले. म्हणाले, "पाईप उघडून बघू. नऊ नंबरचा पाना दे."

"पाना पूजेत आहे."

"दुसरा?"

"सगळे पूजेत आहेत."

पूजेला लावलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नसतं. चिकपेटेतल्या शिंप्याला हे सांगावं लागत नाही; त्या दिवशी आमच्याकडे तुटलेलं बटणसुद्धा कुणी लावत नाही. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मापच घेतलं असावं, बहुधा चितेचं. आतून अक्काचा आवाज आला, "अहो, मी अर्ध्या तासात तबक घेऊन येते. गाडी चालू असेल तर लावीन, नाही तर मी परत जाईन."

तेव्हा माझ्या आधीच्या एका चुकीने मला तारलं. पेट्रोलच्या पाईपचा नट मी आदल्या दिवशी पाना सापडेना म्हणून नुसत्या हाताने आवळला होता, आणि दाजींना सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. त्यांनी दोन बोटांनी नट फिरवला, पाईप सुटला. टाकी भरलेली, पण पेट्रोलचा थेंब नाही. टाकीच्या तोटीतच काही अडकलं होतं. दाजींचा हात सवयीने कोटाच्या कॉलरकडे गेला. तिथे एक लांब दाभण टोचलेलं होतं. ते तिथे इतकी वर्षं होतं, की हत्यार म्हणून ते पूजेत मांडायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी ते तोटीत घातलं, हळूच फिरवलं, ओढलं. जुन्या पेट्रोलची काळपट राळ बाहेर आली, आणि राळेत चिकटलेले तांदूळ. आधी तीन दाणे, मग सात-आठ, मग गुच्छच. त्यामागून पेट्रोलची धार लागली. मी धावत जाऊन तोटीवर बोट दाबलं.

दाजींनी दाणे तळहातावर घेतले, धोतराच्या टोकाने पुसले. रंग गेला होता. एकही दाणा तुटलेला नव्हता.

"अक्षता," ते म्हणाले.

तोटीवर बोट धरून उभ्या असलेल्या माणसाला पळता येत नाही. मी म्हणालो, "दाजी, झाकण मी उघडं ठेवलं होतं. ते माझ्या कचेरीत आहे. टाचण्या ठेवतो त्यात."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"लग्नाच्या पाचव्या दिवसापासून. काखेत तंग होतो म्हणून तू कोट परत दिलास ना? चोरखिशाला पेट्रोलचा वास होता, आणि अस्तरावर झाकणाचा गोल उमटला होता. माप घेतलं. दोन इंच एक सूत. त्याच मापाचं घरात करंड्याचं झाकण निघालं." त्यांनी पाईप पुन्हा बसवला. "आत तांदूळ पडले असतील हे मात्र डोक्यात आलं नाही. तिथे मी चुकलो."

"मग अठरा वर्षं बोलला का नाहीत? अक्का तुम्हालाच बोल लावत होती!"

"शपथ घेतलेल्या मेहुण्याला पाचव्या दिवशी खोटं पाडू? तुझी बहीण माहेरी कुठल्या तोंडाने गेली असती?" मग नट आवळत म्हणाले, "आणि आजही सांगायचं नाही. कोटाची आतली शिवण गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत. चल, हँडल मार. धोतर खोच."

मी धोतर खोचलं आणि हँडल मारलं. एक फेरा. दोन. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन खोकलं, थबकलं, आणि मग असं गरजलं की शेडच्या पत्र्यावरचे कावळे थेट लालबागेपर्यंत गेले असतील. ते थांबेना! मी हँडल हातात घेऊन नाचलो. गच्चीवरच्या शेजारणींनी टाळ्या वाजवल्या. दाजी मात्र बॉनेटवर तळहात ठेवून उभे होते, नवा कोट अंगावर चढवून पाठीवरून हात फिरवतात तसे.

अक्का तबक घेऊन दारात आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती पुढे आली, गाडीला हळदकुंकू लावलं, तबक माझ्या हातात दिलं आणि आत गेली. बाहेर आली ती लग्नातला शालू नेसून. "बघताय काय?" दाजींना म्हणाली, "बळेपेटेत चला. जिथून निघाली होती तिथून येऊ दे."

चाकांखाली लिंबं ठेवली, ती चिरडत गाडी निघाली. बळेपेटेपर्यंत मी मागे बसून देव आठवत होतो, कारण दाजींना समोरून खरी लॉरी येण्याची सवय नव्हती. मंडपाच्या जागेपासून वळलो. बसवणगुडीचा चढ लागला तशी अक्का पुढचा दांडा घट्ट धरून म्हणाली, "इथंच." इंजिन कण्हू लागलं. मी सवयीने दार उघडून ढकलायला उतरायला लागलो.

"बस खाली!" दाजी ओरडले. "यंदा कुणी ढकलायचं नाही!"

त्यांनी गिअर बदलला, अठरा वर्षं दर रविवारी बदलला होता तसाच, आणि गाडी चढ चढली. देवळावरून पुढे गेली. नंदी तिथेच राहिला. घराच्या फाटकाशी दाजींनी गाडी थांबवली, कोटाच्या खिशात हात घातला आणि चिमूटभर तांदूळ अक्काच्या डोक्यावर टाकले.

"अहो, हे काय?"

"लग्नातले. उरले होते."

अक्काला ते खरं वाटलं नाही. पण तिने केसातला एक दाणाही झटकला नाही.

दुसऱ्या दिवशी मी झाकण गुपचूप टाकीवर नेऊन बसवलं, आणि करंड्याचं झाकण करंड्यावर. म्हैस आली नाही. गुजरीवाला आला, दसऱ्याचं सोनं घेतलं आणि गाडीत बसून बाजारापर्यंत गेला. पुढे बरीच वर्षं बसवणगुडीतल्या निम्म्या वराती त्या गाडीतून निघाल्या. निघण्याआधी दाजी टाकीचं झाकण स्वतः तपासत, आणि माझ्याकडे बघत नसत.

दाजी गेले तेव्हा माझा एक कोट त्यांच्याकडे होता. पहिली ट्रायल झाली होती, दुसरी पुढच्या मंगळवारी होती. तेरावा झाल्यावर अक्काने तो मला दिला. "दुसऱ्या कुणाकडून पुरा करून घे," म्हणाली. मी पुरा करून घेतला नाही. बाह्या पांढऱ्या कच्च्या टाक्यांवर लोंबतायत, कॉलर टाचलेली आहे, अंगावर खडूच्या रेघा तशाच. मध्ये एकदा सहज अस्तर चाचपून पाहिलं, तर डाव्या बाजूला, काखेच्या खाली, चोरखिसा लागला. तेवढा एकच पक्का शिवलेला आहे. रिकामाच आहे. तरी मी अधूनमधून त्यात हात घालून बघतो.